झुमरीच्या तालातली रिकामी जागा

सारंगखेडा,
११ जानेवारी २०२५

आदरणीय अमरचंदकाका,

नमस्कार. सूरजकाकूंचा गुडघा आता बरा असेल. आमच्याकडे सगळे ठीक आहेत. केळीला थंडी बाधलीय, एवढंच.

फोनवर तुम्ही माझं बोलणं अर्ध्यातच तोडता, म्हणून लिहायला बसले. मी भाविका. यात्रेत ज्यांच्याकडून तुम्ही घोडी नेलीत, त्या भटू पाटलांची मुलगी.

"घोडी नाचत नाही, फसवलंत, परत घेऊन जा," हे तुम्ही आबांना रोज ऐकवता. वर नाचता येईना अंगण वाकडं, असंही म्हणालात. काका, या वेळी अंगण खरंच वाकडं झालंय, आणि ते तुमच्या मुलाने, अभिनंदनने केलंय!

झुमरी शिंगरू असताना तिच्या कानाशी कुणीतरी ढोल बडवला आणि ती दावं तोडून पळाली. तेव्हापासून ढोल दिसला तरी थरथरायची. मग मी तिच्यासाठी कॉम्प्युटरवर ताल बांधला. जुन्या व्हिडिओ गेममध्ये टूं-टां वाजायचं ना, त्याच आवाजात. एका वेळी चारच आवाज मिळतात: दोन सनईसारखे, एक ढोलाचा, एक नुसती खरखर. हळूहळू आवाज वाढवत तिला त्यावर पाय टाकायला शिकवलं.

तुम्ही म्हणालात, फुकटचं सॉफ्टवेअर, म्हणून फुकटची घोडी. हे मला फार लागलं. ते चोरीचं नाही. बनवणाऱ्यांनीच सगळ्यांसाठी खुलं ठेवलंय. लोणखेड्याच्या कॉलेजात मला हे कुणी शिकवलं नाही. परदेशातल्या अनोळखी लोकांनी आपली गाणी तशीच ठेवलीत. ती उघडायची आणि ओळ न् ओळ बघून शिकायचं.

घोडीसोबत दिलेली माझी तालाची फाइल अभिनंदननेही तशीच उघडली, त्याचा मला राग नाही. ती त्यासाठीच असते. पण त्याने त्यात डीजेचा दणका घातला, आणि प्रत्येक फेरीच्या शेवटी जी रिकामी जागा होती ती भरून टाकली. मला म्हणतो, "दीदी, वहाँ आप भूल गई थी, मैंने ठीक कर दिया." उंटावरचा शहाणा! ती जागा मी विसरले नव्हते. झुमरी तिथे थांबते, श्वास घेते, मग पुढचा पाय उचलते.

आबा म्हणाले, "बाजा तुन्हा शे, तूच निस्तर." म्हणून मूळ फाइल पेनड्राइव्हमध्ये घालून सोबत पाठवतेय. तीच वाजवा. त्यात काही घालू नका, काही काढू नका. आणि चाबूक दाखवला म्हणालात, तो आधी खुंटीला टांगा.

एवढं करूनही ती बहुतेक नाचणार नाही.

यात्रेत तुम्ही तिचे पाय बघत होतात. मी दोरीपाशी उभी होते, माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. त्या रिकाम्या जागेत मी बोलायचे. ताल थांबला की तिच्या डाव्या बाजूला उभं राहून हळूच म्हणा, "हां गं झुमरे." ओरडू नका. ती कान मागे वळवेल, मगच पाय उचलेल.

हे मी लिहिलं नसतं तर ती घरी आली असती. आई तर म्हणतेच, "येऊ दे ना परत. तबेला खालीच शे." रिकामी दावण मलाही बघवत नाही. पण आमच्याकडची घोडी परत आली असं एकदा झालं, की पुढच्या यात्रेत आबांच्या शब्दावर कुणी जनावर घेणार नाही. त्यांच्याकडे तेवढंच आहे.

फाइलमध्ये माझा आवाज भरता आला असता. भरलाही होता. मग पुसून टाकला. तिला आता तुमचा आवाज ओळखीचा व्हायला हवा.

काका, ती नाचली तर मला कळवू नका. नाही नाचली तर मात्र लगेच फोन करा. टेम्पो घेऊन मी स्वतः येते.

भाविका