मैनेच्या कडियाळ्यातले दोन मिलिमीटर

तीर्थरूप सूर्यभानमामांस,

पंकजाचा साष्टांग नमस्कार. डोळ्याचे ऑपरेशन नीट झाल्याचे मामीने कळवले. पट्टी निघेपर्यंत पत्र तीच वाचून दाखवील, म्हणून तिला विनंती: कंसातला मजकूर मनात वाचावा. इकडे राहुरीत सर्व ठीक. मैना चारा खाते. (खाताना माझ्याकडे पाहत नाही.)

आबासाहेबांच्या अंगदच्या वरातीत झाले ते त्यांनी तुम्हाला फोनवर सांगितलेच. त्यांच्या सांगण्यात चूक नाही, फक्त क्रम नाही. क्रम असा. तुम्ही ऑपरेशनसाठी संगमनेरला गेल्यावर मी मैनेचे कडियाळे, म्हणजे लगामाची तोंडात जाणारी लोखंडी कांब, धुवायला काढले आणि सवयीने मोजले. डावी बाजू बारा मिलिमीटर, उजवी दहा. आमच्या कारखान्यात असा नग तपासणीतून पुढे जात नाही. (तपासणी मीच करते.) म्हणून नगरच्या एमआयडीसीतून स्टीलचे नवे करून आणले, दोन्ही बाजू बारा, कडा गुळगुळीत. छगन म्हणाला, "ताई, मामांस्नी इचारा आधी." मी म्हणाले, मोजमापात विचारायचे काय.

नवरदेव अंगद मैनेवर, लगाम छगनच्या हातात, अशी वरात निघाली. मैना डावीकडे वळली. छगनने सरळ केली, पुन्हा डावीकडे वळली. बँडच्या गाडीला तिने तीन फेऱ्या घातल्या. बँडवाल्यांना ती नवरदेवाची फर्माईश वाटली, त्यांनी तेच गाणे तीनदा वाजवले. चौथ्या वळणाला ती अंगदसकट पिठाच्या गिरणीत शिरली. बाहेर आला तेव्हा अंगद फेट्यापासून बुटापर्यंत एकाच रंगाचा होता. आबासाहेब म्हणाले, "घोडी येडी झाली. सूर्यभानला म्हनावं बाजारात काढ." नवरीकडची एक म्हातारी म्हणाली, "घोडीला तरी कळतंय, कुठं जाऊ न्हाई ते." (हे कोणाबद्दल होते ते मला समजले नाही.)

मी दात तपासले, खोगीर तपासले. कांब बरोबर, घोडी निरोगी, रस्ता सरळ. तरी उत्तर डावीकडे. मी गोंधळले आहे, हे लिहायची मला सवय नाही. शेवटी छगनलाच विचारले. तो म्हणाला, "मामांचा उजवा हात ट्रॅक्टरखाली सापडल्यापास्नं हलका हाय, डावा लई जोर करतो. जुनी कांब उजवीकडं झिजून बारीक झालीया, हलकी वढ बी तिला टोचती. मी बी मामांसारखाच धरतो. म्हंजी समदं सरळच हुतं की, ताई." थोडक्यात, दोन चुका एकमेकींना सांभाळून होत्या. मी त्यातली एक दुरुस्त केली.

औषधाचे थेंब वेळेवर घालावेत.

आपली भाची,
पंकजा

ता. क. रविवारी मैनेला पाहायला येणाऱ्या गिऱ्हाइकाला नको म्हणून कळवावे. घोडी वेडी नाही. मामीने हे वाक्य दोनदा वाचावे.

ता. क. २. जुने कडियाळे भंगारात गेले, असे मी मामीला सांगितले होते. ते माझ्या टेबलाच्या खणात होते.

ता. क. ३. आज सकाळी तेच घालून मी स्वतः बसले. उजवा लगाम तुमच्यासारखा हलका ओढला. ती सरळ चालली आणि ओट्यापाशी, तुम्ही उतरता त्याच जागी थांबली. मी उतरल्यावरही दाराकडे बघत उभीच राहिली. (हा कंस मोठ्याने वाचला तरी चालेल: लवकर या.)