ऐकीव नव्हे, ऐकलेले

मी, अयोध्या आश्रुबा गव्हाणे, वय ३१, राहणार उमापूर, तालुका गेवराई, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. काल जामिनावर सुटलेला मामेभाऊ शहादेव याने माझी दोन बोटे मोडली. अक्षर वाकडे आहे, समज शाबूत आहे.

१. घर व तीन एकर कोरडवाहू जमीन आई साखराबाई हिला. अट कलम ४ मध्ये.

२. माझा संगणक व सूर्याच्या नोंदी मी नोकरी करते त्या वेधशाळेला. सूर्याच्या आत कोणालाही पाहता येत नाही. आतल्या ध्वनिलहरींमुळे त्याचा पृष्ठभाग सुमारे पाच मिनिटांच्या तालात वरखाली होतो. ती थरथर मोजून आतले थर कळतात, पलीकडच्या बाजूचे डागसुद्धा. सात वर्षे मी हेच केले.

३. ७ मे २०१९, भर दुपार. दुष्काळात सोसायटीच्या टाकीला चेअरमन मोहनराव, म्हणजे माझे मामा, यांनी कुलूप घातले होते. माझा भाऊ सुग्रीव याने ते मेंढरांसाठी तोडले. मी शेजारच्या गोदामात होते. दार बाहेरून लावले गेले.

"कुलूप तोडतो का बे?" शहादेवचा आवाज.

"मेंढरं मरायलीत. पानी तुझ्या बापाचं हाय का?"

"बापाचंच हाय. त्योच चेअरमन."

मग पहारीचे अकरा घाव. चार भिंतीवर, त्यांचा आवाज टणक. सात अंगावर. त्यांतल्या पाचव्यानंतर सुग्रीव ओरडला नाही. शहादेव थांबला नाही.

ठाण्यातल्या लेखनिकाने माझ्या जबाबात 'ऐकले' ऐवजी 'ऐकीव' लिहिले. ऐकीव म्हणजे दुसऱ्याने सांगितलेले. मला कोणी सांगितले नाही.

४. आई म्हणते, "मिटवून टाक. भाऊ हाय गं माझा." मी म्हणाले, "तुझा हाय. माझा व्हता." तिने तडजोड केल्यास घर व जमीन मेंढपाळ सिदू यास जावी.

५. सुग्रीवच्या खुनाच्या खटल्यात माझी साक्ष २१ फेब्रुवारीस आहे. त्याआधी मी मेले तर तो अपघात समजू नये. या मृत्युपत्राचे व्यवस्थापक ॲड. विठ्ठलराव यांनी कलम ३ न्यायालयात, मामा व शहादेव यांच्यासमोर मोठ्याने वाचण्याची परवानगी मागावी. घाव एकेक करून मोजावेत. दोन घावांमध्ये तीन सेकंद थांबावे. शहादेव तेवढाच थांबत होता.

माझ्यासमक्ष सही करणारे साक्षीदार:
सटवा धोंडीराम कोकरे
केशरबाई बिभीषण खरात

लिहून देणार: अयोध्या आश्रुबा गव्हाणे
गेवराई, २ फेब्रुवारी २०२२