कार्डावरचं कुंकू

वाघदरा, ता. पाथर्डी
दि. १९ जानेवारी

चि. श्रीमंत यास गोजरअक्काचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. आमी इकडं बरे हाओत, असं लिवायची रीत हाय म्हनून लिवते. खरं तर कालपासून माझं डोकं भणभणतंय. वाचून लगेच फोन करू नको. मला फोनवर ऐकू येत न्हाई, मग तू वरडतोस, मी वरडते, अन् शेजारीण दारात येऊन हुभी ऱ्हाते. कागदावर तरी तुला मधी बोलता येत न्हाई.

काल ग्रामपंचायतीचं मतदान हुतं. लगीन होऊन ह्या गावात आल्यापासून मी एक मत चुकवलं न्हाई. अंगदच्या वक्ताला नववा महिना हुता, तरी गेल्ते. काल बी सकाळीच न्हाऊन शाळेत गेले, साहेबाला कार्ड दिलं. त्यानं ते उलटंपालटं केलं, उजेडाला धरलं, अन् मला इचारलं की आजी, ह्यात तुमचं तोंड कुठंय. फोटो पुसलाय, मला ठाव हाय. पन नाव हाय, नंबर हाय, यादीत बी नाव निघालं. साहेब सोडायच्या बेतात हुता, तेवढ्यात छगन उठला.

छगन म्हंजे माझ्या चुलतजावेचा, साळूबाईचा ल्योक. खोलीत पॅनलचा एजंट म्हनून बसलेला. अंगणवाडीत मी मदतनीस हुते तवा ह्याचं नाक मी पुसलंय, खिचडी मी भरवलीय. त्यानं खिशातनं दोन रुपये काढून टेबलावर ठेवले अन् म्हनला की ही बाई गोजरबाईच कशावरनं, माझी हरकत हाय. मला वाटलं पोरगं चेष्टा करतंय. तर साहेब म्हनला, नियम तसाच हाय, एजंटानं दोन रुपये भरले की चौकशी करावीच लागती. माझं मत छगनच्या पॅनलला जात न्हाई हे गावातल्या कुत्र्याला बी ठाव हाय, तवा हरकत कशापायी ते तूच समज.

मग दुसरा पुरावा मागितला. कुठून देऊ? अंगद अन् सूनबाई पूजा ऊसतोडीला कर्नाटकात गेलेत. पूजानं समद्या घराचे कागद एका रबरात बांधले अन् पिशवीत टाकले, त्यात माझं आधार बी गेलं अन् पासबुक बी. रांगेत तीस-चाळीस मानसं हुती. कुनी माझ्या हातची भाकर खाल्ली न्हाई असं न्हाई. पन एकानं तोंड उघडलं न्हाई, समदे पायाकडं बघत हुभे. मी मत न देता घरी आले रे.

अन् तू! भाऊबीजेला माझ्याच ओसरीवर बसून, माझ्याच करंज्या खात, ओळखपत्राबिगर मतच देऊ नये म्हनून तास-दीड तास भाषण केलंतंस. झालं तुझ्या मनासारखं? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हनतात ती हीच. म्होरच्या महिन्यात २२ तारखेला झेडपीचं मतदान हाय. तवा मला मत द्यायचंय, अन् छगनच्या डोळ्यादेखत द्यायचंय. कसं ते सांग. बत्तीस वर्सं तहशिलीत काढलीस, त्याचा बहिणीला एवढा तरी उपेग होऊ दे.

सुरेखाला आशीर्वाद सांग. लोभ हाय तेवढा जपून ठेव, रागाचं मी बघते.

तुझी
गोजरअक्का


सावेडी, अहिल्यानगर
दि. २५ जानेवारी

ती. गं. भा. गोजरअक्कास श्रीमंतचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून छगनचा राग आला, आणि खरं सांगतो, तुझाही आला. अगं, मतदानाच्या आदल्या दिवशी आपले कागद कुठे आहेत एवढं तरी बघावं की नाही? वड्याचं तेल वांग्यावर काढू नकोस. कार्ड खराब केलंस तू, पिशवी नेली पूजाने, हरकत घेतली छगनने, आणि शिव्या मला.

मी ओळखपत्राचा धोशा का लावतो, ते तुला कधी सांगितलं नाही. नोकरीत नवा होतो, कार्डं अजून आली नव्हती, तेव्हाची गोष्ट. एका गावात माझी मतदानाची ड्यूटी होती. दुपारी तीनच्या सुमाराला एक म्हातारी उन्हातून चालत आली. यादीत बघतो तर तिच्या नावावर सकाळीच खूण झालेली. दुसरीच कुणी बाई तिच्या नावावर मत देऊन गेली होती, आणि तिच्या बोटाला शाई लावली होती मी, याच हाताने. म्हातारीने मला विचारलं की सकाळी आली ती गंगूबाई असेल तर मग मी कोण? अक्का, मी तिला नुसती यादीतली ती खूण दाखवली. म्हणून मी म्हणतो की कागद पाहिजे. तू खुशाल चीड.

आता काम सांगतो. अंगदला निरोप धाड, कारखान्यावरून गावाकडे येणाऱ्या कुणाबरोबरही पिशवी पाठव म्हणावं. तोवर पाथर्डीला सेतू केंद्रात जाऊन आधारची प्रत काढ. तुमच्या अंगणवाडीच्या अश्विनीबाईंकडे मतदार यादीचं काम आहे, त्यांच्याकडे नव्या कार्डाचा अर्ज भर. भरलेल्या अर्जाची झेरॉक्स मला पाठव. हस, हस. सुरेखाही हसते, म्हणते तुम्ही एक दिवस माझीही झेरॉक्स काढून माळ्यावर ठेवाल.

एक मात्र कळत नाही. त्या कार्डावर प्लास्टिक होतं, मग फोटो पुसला कसा? धुण्यात गेलं होतं का? खरं काय ते लिही.

भाचे-सुनेला आशीर्वाद. माझ्यावरचा राग उतरला की लोभ करावा, घाई नाही.

तुझा
श्रीमंत


वाघदरा
दि. ४ फेब्रुवारी

चि. श्रीमंत यास अनेक आशीर्वाद.

वि. वि. तुझ्या त्या म्हातारीचं वाचून जीव गलबलला. पन मला एक सांग. तिनं जे इचारलं, तेच मी मतदानाच्या दिशी घरी येताना सोताला इचारीत हुते. तिच्यापाशी कार्ड नव्हतं म्हनून, अन् माझ्यापाशी कार्ड हुतं तरी. तुझ्या कागदानं फरक काय पडला? ह्याचं उत्तर दे, मग मला शिकव.

सेतूला तीन हेलपाटे झाले. पहिल्या दिशी लाईट नव्हती. दुसऱ्या दिशी पोरगी म्हनली मोबाईलवर नंबर येतो तो सांगा. तो नंबर जातो अंगदच्या मोबाईलवर, अन् अंगद उसाच्या फडात, मोबाईल खोपीत. तिसऱ्या दिशी अंगठा लावा म्हनली. लावला, पुसून लावला, तेल लावून लावला. मशीन काय घेईना. उभा जलम कोयता अन् खुरपं धरून अंगठ्याच्या रेघा गेल्या, त्याला मी काय करू? तोंड कार्डावर न्हाई, अंगठा मशिनीत न्हाई. मी हाय का न्हाई ते तरी सरकारनं एकदा कळवावं, म्हंजे त्या परमाणं सैपाक टाकीन.

अश्विनी मात्र गुणाची. घरी येऊन अर्ज भरला, शाळेच्या भिंतीला हुभं करून मोबाईलवर फोटो काढला. अंगदनं बी पिशवी टेम्पोवाल्यासंगं धाडतो म्हनून सांगितलंय.

आता फोटोचं. धुण्यात गेलं न्हाई. लिवायला लाज वाटती, पन तू इचारलंस म्हनून लिवते. सातबारा तुझ्या दाजींच्या नावचा, रेशनकार्ड त्यांच्या नावचं. हे कार्ड आलं तवा माझं नाव अन् माझं तोंड असलेला घरातला तो पहिला कागद. दाजी म्हनले, गोजर, हा तुझ्या एकलीचा सातबारा, ह्याला लक्ष्मीपूजनाला पाटावर ठेवत जा. तवापासून दर दिवाळीला केरसुणी, सातबारा अन् माझं कार्ड, समद्यांस्नी हळदीकुंकू. फोटोत माझ्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू हुतं, त्याच्यावरच मी बोट टेकवायचे. प्लास्टिक एका कडंनं उकललं हुतं, हळदीचं पानी आत जायचं.

मग दाजी गेले. बायांनी माझं कपाळ पुसलं. त्या दिवाळीला कार्ड पाटावर ठेवलं तर त्यातली बाई कुंकवाची. तिचं कोन पुसनार? मी लावलं. अकरा वर्सं लावतीय. कुनाला सांगितलं न्हाई. तोंड झिजून गेलं, नुसता लाल डाग ऱ्हायला, तरी मला त्यात मीच दिसायचे, म्हनून फोटो गेल्याचं कधी मनावर घेतलं न्हाई.

आन् एक. पत्रावर गं. भा. लिवत जाऊ नको. पोस्टमन मोठ्यानं वाचतो.

तुला नियम पाठ हायत, त्यातला एखादा ह्यावर बसत असला तर कळव, नसला तर गप ऱ्हा. सुरेखावर लोभ हाय, तुझं बघू.

गोजरअक्का


वाघदरा
दि. ७ मार्च

चि. श्रीमंत यास आशीर्वाद.

वि. वि. महिना झाला, तुझं पत्र न्हाई. गप ऱ्हा म्हनले ते इतकं मनावर घेशील असं वाटलं नव्हतं. एरवी सांगून तू कधी ऐकतोस?

मतदानाच्या आदल्या दिशी टेम्पोवाल्यानं पिशवी आनून दिली. सकाळी आधार घेऊन गेले. साहेबानं बघितलं, सही घेतली, शाई लावली. छगन खाली मान घालून यादी चाळत हुता. मत दिलं. मला वाटलं हुतं लई आनंद होईल. तेवढा काय झाला न्हाई.

बाहेर येते तर साळूबाईचा घोळ. तिचं कार्ड बी माझ्याच कार्डाच्या वक्ताचं. फोटोत गाल भरलेले, अन् आता दात एक न्हाई, डोळ्याचं आप्रेशन झालेलं, काळा चष्मा. समोरच्या पक्षाच्या एजंटानं टेबलावर दोन रुपये ठेवले अन् म्हनला, ही बाई फोटोतली न्हाई. छगन वरडायला लागला की माझी आई हाय, मला कळत न्हाई का. साहेब म्हनला, एजंटाच्या शब्दावर चालत न्हाई, गावातलं दुसरं कुनी तरी सांगा. रांगेतले समदे परत पायाकडं बघत हुभे. ह्या गावाला पायात काय दिसतं देव जाणे.

छगन पळत बाहेर आला, काकू काकू करीत हात जोडायला लागला. खरं लिवते श्रीमंत, मनात आलं की जिरू दे चांगली. दोन पावलं घराकडं टाकली बी. मग खिडकीतनं साळू दिसली. बाकड्यावर बसलेली, कार्ड दोन्ही हातांनी छातीशी धरलेलं. पदरानं त्यावरचं तोंड पुसत हुती, जसं काय धूळ बसली म्हनूनच दिसत न्हाई.

आत गेले. ही कोन ते सांगते म्हनले, तर साहेब म्हनला आधी तुमची ओळख दाखवा. दाखवली. मग म्हनले, ही साळूबाई, माझी जाऊ, आमी दोघींनी चाळीस वर्सं एका विहिरीवर पानी भरलंय. त्यानं लिवून घेतलं, माझी सही घेतली, अन् साळूनं मत दिलं. तिचं मत माझ्या मताच्या उलट, म्हंजे मीच माझं मत खोडून आले. छगन पाया पडायला वाकला. मी पाय मागं घेतले. एवढ्या लवकर न्हाई.

आता तुझ्या मनासारखी गोष्ट. काल नवं कार्ड पोस्टानं आलं. चकचकीत हाय, पानी जायला फट न्हाई. तोंड सोच्छ दिसतंय, छगनच्या बापाला बी हरकत घेता यायची न्हाई. कपाळ मोकळं हाय. ह्या दिवाळीला ते पाटावर मांडू का नको? मांडलं तर कुंकू लावू का नको? लावलं तर तोंड जाईल अन् मत जाईल. तुझ्या नियमात काय बसतं ते लिव. आता गप बसू नको.

लोभ धर, अन् पत्र टाक.

गोजरअक्का


सावेडी, अहिल्यानगर
दि. १३ मार्च

ती. गोजरअक्कास श्रीमंतचा शि. सा. न. वि. वि.

उत्तर लिहायला तीनदा बसलो, तीनदा कागद फाडला. तू विचारलंस की कागदाने फरक काय पडला. साळूबाईंच्या वेळी तुझा शब्द चालला तो तुझ्याजवळ कागद होता म्हणून, असं लिहून तुला गप्प करता आलं असतं. पण जानेवारीत तुझ्यासाठी तीस-चाळीस जणांपैकी एकाचाही शब्द निघाला नाही, त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

तुझं कुंकवाचं पत्र आल्यापासून महिनाभर माळ्यावर बसून जुन्या फायली उपसल्या. सुरेखा म्हणाली धुळीने मराल. परवा सापडलं. तुमची कार्डं आली त्या वर्षी मी तुझ्या कार्डाची झेरॉक्स काढून ठेवली होती. सोबत पाठवतो आहे. प्लास्टिक मुद्दाम लावलेलं नाही.

नवं कार्ड पेटीत ठेव, मतदानाखेरीज बाहेर काढू नकोस, हा नियम. पाटावर ही मांड. झेरॉक्स काळी-पांढरी आहे, म्हणून कपाळावरचं कुंकू काळं दिसतंय. दिवाळीला लाल करून घे. झिजली तर कळव, मी आणखी दहा काढून ठेवल्या आहेत.

लोभ मागत नाही, भाऊबीजेला करंज्या कर.

तुझा
श्रीमंत