घरचं दुकान, बाहेरचा कम्प्युटर

३ नोव्हेंबर

गेलं! माझं ग्राफिक्स कार्ड गेलं. म्हणजे विकलं. आप्पांनी. पुन्हा!

फळीवर माझ्या नावाची पिशवी होती. प्रोसेसर, बोर्ड, मेमरी — एकेक करून जमवलेलं. सकाळी बघते तर कार्डाचं खोकं गायब. आप्पा भाताचा किम्बाप रोल चघळत म्हणाले, "अगं, इंचॉनहून आला होता बिचारा. त्याचं जळलं होतं. गिऱ्हाईक आधी. तू काय, घरचीच!"

मी "बरं" म्हणाले आणि पुढच्या गिऱ्हाइकाचं कॅबिनेट उघडायला घेतलं.

घरचीच. या एका शब्दावर सहा वर्षं काढली मी या गाळ्यात. योंगसानच्या कम्प्युटर बाजारात या मजल्यावर येणारा माणूस आमच्याकडे कम्प्युटर जोडून घेतो आणि दुसऱ्या दिवशी घेऊन जातो. मला मात्र दीड वर्ष झालं, स्वतःचा एक जोडून मिळत नाहीये!

६ नोव्हेंबर

बुसानहून चो बाईंचा मेल आला. ऑक्टोबरात मुलाखत घेतली होती त्यांनी. छोटी कंपनी आहे, गेम बनवतात. मला त्यातले नकाशे रचायचे आहेत — डोंगर कुठे, पूल कुठे, शत्रू कुठल्या वळणावर दबा धरून बसेल. पहिला महिना घरून, स्वतःच्या कम्प्युटरवर. पटलं तर जानेवारीपासून बुसान. सुरुवात दोन डिसेंबरला.

शेवटी विचारलंय, "आमचं सॉफ्टवेअर पेलेल असा कम्प्युटर तुमच्याकडे असेलच ना?"

योंगसानच्या कम्प्युटरवाल्याच्या मुलीला हा प्रश्न! मी उत्तर दिलं, "अर्थातच." आणि दुकानातल्या बिलांच्या त्या म्हाताऱ्या डब्याकडे बघत बसले. त्याला हिशेब उघडतानाही धाप लागते.

आप्पांना बुसानचं सांगितलेलं नाही. कसं सांगू? आई दोन वर्षं तोंग्योंगला आहे, आजीचं सगळं अंथरुणात म्हणून. घरात आम्ही दोघंच. मी गेले तर हा माणूस दिवसभर दुकानात एकटा आणि रात्री घरात एकटा. आईही फोनवर सारखी म्हणते, "दुकान म्हणजे त्याचा जीव आहे गं. सांभाळून घे."

सांभाळतेय. अजून किती?

९ नोव्हेंबर

आज धीर करून विचारलं, "आप्पा, माझ्यासाठी नवं कार्ड मागवूया का?"

"आत्ता? वेड लागलंय का? जानेवारीत कार्डांची नवी मालिका येतेय. आत्ता जुनं घेणारा गाढव. थांब जरा."

मागच्या वर्षी प्रोसेसरच्या वेळी हेच! मग मेमरी स्वस्त होणार होती. मग बोर्ड बदलणार होता. गिऱ्हाइकाला मात्र म्हणतात, "थांबत बसलात तर कधीच घेणार नाही, आजच न्या!" माझं तेवढं भिजत घोंगडं.

"घाई कसली तुला? खेळायलाच हवाय ना?"

मी मान डोलावली. बावळट! तेव्हाच बोलायला हवं होतं. जिभेवर आलं होतं. पण आप्पा पुन्हा कुणाच्या तरी पंख्याच्या वायरी नीट लावण्यात गढून गेले, आणि त्यांची मान मागून इतकी बारीक दिसली की माझं अवसानच गेलं.

१० नोव्हेंबर

ठरवलं, स्वतःच कार्ड घ्यायचं. वरच्या मजल्यावर गेले. तिथे पहिलाच गाळा बेक काकांचा. मॉनिटर विकतात, पण मुख्य धंदा चौकशा.

"काय गं गारम, बापाच्या दुकानातला माल संपला वाटतं?"

"सहज भाव बघतेय, काका."

"भाव? तू? पाण्यातल्या माशाला पाण्याचा भाव विचारताना आज पाहिलं!"

आसपासचे तिघं-चौघं हसले. मी हसत हसत काढता पाय घेतला. खाली येईपर्यंत आप्पांना कळलेलं. "वर काय शोधत होतीस?" मी म्हटलं, स्क्रू.

आमच्याकडे स्क्रूंची बरणी भरलेली आहे.

११ नोव्हेंबर

या इमारतीत एक गाळा असा नाही जिथे मला काका नाही.

१५ नोव्हेंबर

काल कॉलेज-प्रवेशाची परीक्षा झाली. आजपासून गर्दी. परीक्षा झाली की कम्प्युटर, असं प्रत्येक घरात कबूल केलेलं असतं.

दुपारी मायलेकी आल्या. आईने नेहमीचा प्रश्न टाकला, "ब्रँडेड घ्यावा की जोडून घ्यावा?"

हे मला झोपेतही म्हणता येतं. ब्रँडेडमध्ये तुम्ही नावाला पैसे मोजता. बाहेरून दिवे, आतून हलका पॉवर सप्लाय. बोर्ड कंजुषीचा, उद्या काही वाढवायचं तर जागा नाही. आमच्याकडे एकेक भाग निवडून घालतो. आणि काही बिघडलं तर जन्मभर दुरुस्ती फुकट! आप्पांचं ब्रीद आहे ते. आत्तापर्यंत शेकडो लोकांना ऐकवलंय आणि खरंच वाटायचं मला.

बाई म्हणाल्या, "जन्मभर फुकट. म्हणजे दर वेळी इथेच यायचं?"

"हो."

"पण ही तर तेजॉनला शिकायला जाणार. वसतिगृहात राहील."

मुलगी माझ्याकडे बघत होती. अशी, की आत्ताच निघायची तिची तयारी आहे. आणि माझ्या तोंडून गेलं, "मग ब्रँडेड घ्या. कुठल्याही गावात दुरुस्त होतो. कुणाची ओळख लागत नाही."

मागे आप्पांचा स्क्रूड्रायव्हर थांबला.

मायलेकी आभार मानून गेल्या. खाली, ब्रँडेडवाल्यांच्या काचेच्या मोठ्या दुकानात गेल्या असणार. आप्पांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. मग म्हणाले, "आपल्याच तोंडाने? ऐन हंगामात?"

"तिच्या सोयीचं तेच होतं."

"सोयीचं! मग उद्यापासून तिकडेच जाऊन उभी राहा. गणवेशही देतात."

चुकीचं काही बोलले नव्हते मी. तरी दिवसभर चोरासारखी वावरले.

१६ नोव्हेंबर

अबोला. संध्याकाळी आप्पांनी रामेन केलं. घरात एकच अंडं होतं, ते माझ्या वाटीत. राग धरायचा कसा अशा माणसावर!

१८ नोव्हेंबर

घेतला. ब्रँडेड. ऑनलाइन. जिन्यात उभं राहून, फोनवर. माझ्याच पगारातून, आणि तरी कुणी येतंय का बघत!

आतलं सगळं वाचलं आधी. पॉवर सप्लाय अगदी तोच, ज्याच्यावरून मी आणि आप्पा हसतो. बोर्ड कंजुषीचा. बाजूला काच, आत इंद्रधनुष्य. गिऱ्हाइकाने विचारलं असतं तर मी नाक मुरडलं असतं.

पण तो मला आवडला. त्याला मी कुणाची मुलगी हे माहीत नाही, म्हणूनच आवडला. पत्ता घरचा दिलाय. आप्पा दिवसा घरी नसतात. खोलीत पलंगाशेजारी ठेवीन, वर चादर टाकीन. महिनाभर काम करीन. जमलं तर सांगीन. नाही जमलं तर कुणाला काही कळायचं कारण नाही.

सत्तावीस वर्षांची बाई कम्प्युटर चादरीखाली लपवणार! वाचून मलाच कसंतरी झालं.

२० नोव्हेंबर

निघालाय म्हणे. दर थोड्या वेळाने फोन बघतेय. आईने तोंग्योंगहून कोबीच्या किमचीचा डबा पाठवलाय, तोही याच वाटेवर. आप्पांना वाटतंय मी किमचीसाठी कासावीस झालेय.

२१ नोव्हेंबर

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं!

आमचे कुरियरवाले ओ काका. बारा महिने आमच्या गाळ्यावर ये-जा. त्यांनी खोक्यावर माझं नाव पाहिलं आणि घरचा पत्ता मनावरच घेतला नाही. हातगाडीवर किमचीचा डबा, त्याखाली ते धूड. चारी बाजूंना लाल अक्षरांत कंपनीचं नाव. भर दुपारी, मजल्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गाडी ढकलत आले, वर ओरडत, "गारम! घरी कोण असणार म्हटलं, इथेच आणलं! एवढं जड, घरून इथे तू कशाला वाहून आणतेस!"

एकेक शटरखालून डोकी बाहेर आली. बेक काका तर खास वरून खाली उतरले आणि आप्पांना हाक मारली.

"अरे इन्सिक! पोरीने सोयरीक बाहेर केली की रे!"

सगळा मजला खदखदला. ओ काकांना आपण काय केलं ते कळेना, ते आळीपाळीने माझ्याकडे नि आप्पांकडे बघत राहिले. "चुकलं का काही?" विचारत होते. त्यांचा काय दोष? एवढ्या वर्षांत माझ्या नावाचं काही घरी गेलंच नव्हतं.

आप्पांनी हातातलं काम खाली ठेवलं. ओ काकांना कॉफीचा कप दिला. खोकं स्वतः उचललं, आत आणलं, त्यांच्या कामाच्या टेबलावर ठेवलं. नाव वाचलं. सगळ्या बाजू फिरवून वाचलं.

"पॉवर सप्लाय किती वॅटचा?"

मी सांगितलं.

"हं."

बस्स! ओरडले असते तर बरं झालं असतं. मी शंभर उत्तरं तयार ठेवली होती, एकही लागलं नाही.

२२ नोव्हेंबर

खोकं टेबलावर तसंच. आप्पा बाजूला स्टुलावर बसून, मांडीवर बोर्ड घेऊन काम करतात. पाठ दुखते त्यांची, तरी खोकं हलवत नाहीत. माझा तर त्याला हात लावायचा धीर होत नाही. गिऱ्हाईक विचारतं, "हेही विकता का?"

"नाही. पोरीचं आहे."

प्रत्येक वेळी त्याच आवाजात. मी जन्मभर इथेच, या खोक्याच्या आणि त्या स्टुलाच्या मधे उभी राहणार असं वाटायला लागलंय.

२५ नोव्हेंबर

सांगितलं. सगळं.

दुपारी काळ्या सॉसच्या नूडल्स मागवल्या होत्या. खायला बसलो तर टेबलावर खोकं, म्हणून वाट्या खोक्यावरच ठेवल्या. त्यावर जेवताना मला एकदम असह्य झालं. म्हटलं, "आप्पा, हा खेळायला नाहीये. मला बुसानला नोकरी लागतेय."

त्यांनी चॉपस्टिक्स थांबवल्या नाहीत. "काम काय?"

"गेममधले नकाशे रचायचे."

"पगार?"

"बरा आहे."

"मुलाखत कधी झाली?"

"ऑक्टोबरात."

"मग ऑक्टोबरातच का नाही बोललीस? मी मूर्खासारखा जानेवारीची वाट बघत बसलो."

माझा बांध फुटला. म्हटलं, "कशी बोलणार? आई तिकडे, मी गेले की तुमच्याजवळ कोण? हे दुकान तुमचा जीव आहे. मी नसले तर एकट्याने ओढत बसाल आणि एक दिवस इथेच कोसळाल. मला भीती वाटते, आप्पा. आणि मला इथे गुदमरायलाही होतं. दोन्ही खरं आहे."

एवढं मोठं वाक्य मी त्यांच्याशी आयुष्यात बोलले नव्हते.

आप्पा उठले. कोट घातला. नूडल्स अर्ध्या टाकून निघून गेले. फोन दुकानातच. संध्याकाळ झाली तरी परतले नाहीत. शेवटी बेक काका आले, एकही टोमणा न मारता त्यांनी आमचं शटर ओढलं. म्हणाले, "जा घरी, पोरी."

आप्पा घरी आले, मी आणलेला त्यांचा फोन घेतला आणि थेट खोलीत. दार बंद.

मोडलं मी त्यांना. एका खोक्यापायी. चो बाईंना मेल लिहून ठेवलाय — क्षमा असावी, घरच्या अडचणीमुळे येता येणार नाही. सकाळी पाठवीन. कम्प्युटर परत करीन. ब्रँडेड असल्याचा तेवढा एक फायदा, परत घेतात.

२६ नोव्हेंबर

मेल पाठवला नाही.

सकाळी दुकानाशी गेले तर बंद शटरवर कागद, आप्पांच्या अक्षरात: गाळा सोडणे आहे. काल दुपारी मार्केटच्या ऑफिसात हेच सांगायला गेले होते. समोर उभे होते, फोनवर आईशी बोलत, मोठमोठ्याने हसत. मला बघून म्हणाले, "अगं, मला तीन वर्षांपासून हे बंद करायचंय! या डब्यांचा वीट आलाय मला. तुझ्या आईकडे जायचं होतं केव्हाच. पण म्हटलं, पोरीला दुसरं काय येतं? निदान दुकान तरी असू दे तिला."