पहिल्या प्रश्नाचं उत्तर

मी, खाली सही करणारी, मनोविकार संशोधन विभागातून निवृत्त, अविवाहित, वय एकाहत्तर, कुणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. माझं मन ठिकाणावर आहे. तसा दाखला माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याने दिला आहे. सही करण्याआधी त्याने कागद तीनदा वाचला, पण ती सवय त्याची परीक्षेपासूनचीच आहे. पोटातला आजार मला उन्हाळ्यापलीकडे नेणार नाही. माझं काम पाहता लोक माझ्या मरणाबद्दल भलतंच कुजबुजतील, म्हणून आजाराचे कागद सोबत जोडले आहेत.

१. बँकेतली ठेव माझ्या सहायिकेला. आत्महत्या झालेल्या घरांत आम्ही दोघी जन्मभर गेलो. माणूस का गेला, हे मी घरच्यांना विचारायचे आणि ती त्याच्या आईशेजारी नुसती बसून राहायची. जास्त कठीण काम तिचं होतं.

२. माझे सगळे अहवाल आरोग्य खात्यातल्या साहेबांना. "आकडे फार बोलके आहेत हो," असं म्हणत त्यांनी दर वेळी ते कपाटात ठेवले. प्रत्येक दवाखान्यात एक समुपदेशक मागितला, तर एक पोस्टर मिळालं, तेही जिन्याखाली लागलं. मरणारे कमी झाले नाहीत, वाढलेच. माझ्या कामाने एकही जीव वाचला असं मला छातीठोकपणे सांगता येत नाही, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

३. टेपरेकॉर्डर भंगारात द्यावा. त्याचं बटण अडकतं.

४. राहतं घर. मी, भाऊ आणि सगळ्यात धाकटी बहीण, अशी आम्ही तीन भावंडं इथे वाढलो. धाकटीने पंचविशीच्या आतच जीव दिला. वडिलांनी "हृदय बंद पडलं" असं सांगितलं आणि डॉक्टरांनी तेच लिहिलं. त्यामुळे माझ्या कुठल्याही तक्त्यात माझी बहीण नाही. त्या दिवशी घरात तिच्याबरोबर फक्त भाऊ होता. तो आजही वडिलांचंच वाक्य बोलतो.

आमच्या कामाचा एक नेम होता. पहिला प्रश्न मरणाचा नसे. "घरात त्यांना काय हाक मारायचात?" एवढंच विचारायचं. अशा मरणानंतर घरात ती हाक बंद होते. ती एकदा तोंडून निघाली की बाकीचं हळूहळू येतं. स्वतःच्या माणसांची मुलाखत स्वतः घ्यायची नाही, हाही नेमच. म्हणून भावाकडे सहायिका गेली. त्याने तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, पंखा लावला आणि तासभर हवापाण्याच्या गप्पा मारल्या.

तर घर भावाला, एका अटीवर. वर्षभरात त्याने सहायिकेसमोर त्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्यावं. एकच शब्द. पुढे काहीही विचारलं जाणार नाही. न दिल्यास घर विकून पैसे त्या संस्थेला, जिथे खचलेल्या माणसांचे फोन घेतात. तो भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो, त्याला घराची गरज आहे, हे मला माहीत आहे. ती हाक मी इथे लिहीत नाही. लिहिली तर पठ्ठ्या बघून वाचेल.

सहीआधी जोडलेला मजकूर: साक्षीला वकीलबाई आणि शेजारी असं ठरलं होतं. भावाने चौथं कलम वाचलं, परत वाचलं आणि म्हणाला, "ताई, शेजाऱ्यांना कशाला त्रास? मी करतो सही."

वकीलबाई म्हणाल्या, "अहो, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. सही केलीत तर घर गेलं तुमचं."

"ठाऊक आहे मला."

मी म्हटलं, "अरे, एकच शब्द आहे."

त्याने पेन मागून घेतलं.

ठिकाण: राहतं घर, पुढची खोली
तारीख: नऊ फेब्रुवारी

सही: मृत्युपत्र करणारी
साक्षीदार पहिली: वकीलबाई
साक्षीदार दुसरा: माझा भाऊ