भिंतीवरच्या चिठ्ठ्या

प्रिय लेका,

पत्र बघून घाबरू नकोस, माझी तब्येत ठणठणीत आहे. फोनवर तू बरी आहेस ना विचारतोस, मी हो म्हणते, आणि आपलं बोलणं तिथेच आटोपतं. बाबा गेल्यापासून तीन वर्षं तू या घराचा उंबरा चढलेला नाहीस. तू यावंस असं फार वाटतं. पण त्याआधी तुला एक सांगायचंय, आणि ते वाचून यावंसं वाटलं नाही, तर माझी तक्रार नाही.

परवा ऑफिसात गेले होते. निवृत्त बाईला कोण विचारतो, पण नव्या जलशुद्धीकरण केंद्राचं काम बघून तिथल्या इंजिनिअर मंडळींची गाळण उडाली होती, म्हणून साहेबांनी बोलावलं. मी आपली नेहमीसारखी कात्री आणि कागद घेऊन बसले. मोठ्या कामाचे तुकडे, त्या तुकड्यांचे आणखी तुकडे, दोन दिवसांहून मोठं काम एकाही चिठ्ठीवर नाही. आणि प्रत्येक चिठ्ठीच्या तळाशी, काम संपल्यावर कोणाच्या हातात काय पडणार ते. नकाशा, चाचणीचा अहवाल, बसवलेला पंप. हातात काहीच पडणार नसेल तर ते काम नव्हे, चिठ्ठी फाडून टाकायची. संध्याकाळपर्यंत भिंत भरली, मंडळींच्या जिवात जीव आला. चिठ्ठीबाई अजून तशाच आहेत, असं कोणीतरी हसून म्हणालं, आणि मला तिथे थांबवेना.

आपल्या स्वयंपाकघराची भिंत आठवली. डॉक्टरांनी आता फार दिवस नाहीत म्हणून सांगितलं, तेव्हा बाबांजवळ बसून रडायचं सोडून मी चिठ्ठ्या कापायला घेतल्या होत्या. तुझ्या पिवळ्या, माझ्या पांढऱ्या. औषधं आणणे, चादरी बदलणे, ऑक्सिजनची टाकी भरून आणणे. तू हूं की चूं न करता सगळं केलंस. बाबा चेष्टा करायचे, की बाईसाहेबांनी मलाही हप्त्याहप्त्याने पोचवायचं ठरवलेलं दिसतंय. आपण तिघंही हसलो होतो. खरं सांगू, त्या चिठ्ठ्या होत्या म्हणून मी उभी होते. एक झाली की दुसरी, एवढंच मला दिसत होतं.

मग ती दुपार. रक्ताचा अहवाल घेऊन तू परतलास तेव्हा सगळं संपलं होतं. घरात आत्या, काका, शेजारीपाजारी, आणि त्या सगळ्यांदेखत मी तुला विचारलं, की बाप जात होता तेव्हा तू होतास कुठे. तू लिफाफा टेबलावर ठेवलास आणि मान खाली घातलीस. भांडायला हवं होतंस रे. अहवाल आणायच्या त्या चिठ्ठीवर अक्षर माझंच होतं.

काल सूनबाईचा फोन आला. तिच्या वडिलांना दवाखान्यात ठेवलंय, तू रोज जातोस, पण त्यांच्या खोलीत पाऊल टाकत नाहीस, बाहेर बाकावर बसून राहतोस म्हणाली. तिने खोदून विचारलं तेव्हा म्हणालास, मी बापाच्या वेळी नव्हतो, मला तिथे बसायचा हक्क नाही. लेका, त्या दिवशी तू बाहेर चपला घालत होतास, तेव्हा बाबांनी मला जवळ बोलावून सांगितलं होतं, आज त्याला कुठे पाठवू नकोस, माझ्यापाशी बसू दे. मी म्हटलं, अहो, एवढा अहवाल आणू दे, मग बसेलच की. तू दारातच होतास. एक हाक मारली असती तर थांबला असतास. मी मारली नाही. तीन वर्षं हे कोणाला सांगायची छाती झाली नाही, आज सकाळी आत्याला आणि काकांना फोन करून सांगितलं. बाबांना तू जवळ हवा होतास, बाळा. तुला मी पाठवलं. आता त्या बाकावरून ऊठ आणि आत जाऊन बस.

तुझीच, आणि तुझी अपराधी,
आई