माझा पंचम लागला होता

जबलपूर, विसर्जनाचा दुसरा दिवस

तीर्थस्वरूप विष्णूदादास,

अच्युतचा साष्टांग नमस्कार, आणि निदान तो तरी सुरात आहे असं समजावं. नवी कवळी आता हिरड्यांना टोचत नसेल. चैत्राली तुला भाकरी दुधात कुस्करून देते ना? (लेक आहे, लाजू नकोस, मागून घे.) इकडे कुमुद ठीक आहे. माझं मन मात्र थाऱ्यावर नाही.

काल मंडळाचा कार्यक्रम आटोपल्यावर तू फोनवर म्हणालास, वरचा पंचम टाळलास ते बरं केलंस, आपल्या वयाला तेच शोभतं. दादा, मी तो टाळला नव्हता. तारसप्तकातला पंचम काल लागला होता आणि सुरात लागला होता. हे तुला पत्र लिहून पटवावं लागतंय, याचं फार वाईट वाटतं.

दात काढल्यावर बासरी माझ्या हवाली करताना तू बजावलं होतंस की खालचे सूर कोणालाही पावतात, पण या पंचमाला जोर केला की तो चढतो आणि भ्यालं की उतरतो. वर्षभर मी आलटून पालटून दोन्ही केलं. घरात रियाझाला बसलो की कुमुद कुकरची शिट्टी समजून गॅस बंद करायची (पावसाळाभर कच्चं वरण खाल्लं, पण आपण कुकरच्या उंचीला पोचलो याचा आतून आनंदच व्हायचा). शेवटी वरणाला कंटाळून ग्वारीघाटावर जाऊन बसलो. तिथे पहिल्याच फुंकीला एक नाववाला नाव वळवून आला आणि म्हणाला, "हां भैया, उस पार चलना है?" नाही म्हणवेना, गेलो. अशी आठवडाभर रोज नर्मदा ओलांडली, आणि त्या पुण्याईनेच म्हण, सूर हळूहळू जागेवर बसू लागला.

आता कालचं. गेल्या वर्षी अध्यक्षांच्या भाषणात माइक इतका किंचाळला होता की पाहुणे कानांत बोटं घालून बसले होते. म्हणून यंदा चिटणीस या नात्याने मीच गोहलपूरच्या माइकवाल्याला, अंजनीला, सकाळी खडसावलं, की शिट्टी ऐकू आली रे आली की आवाज पाडायचा, कोणाला विचारत बसायचं नाही. बिचाऱ्याने ऐकलं. भैरवी रंगली होती. कुमुद मंचाच्या कडेला बसून तुला लावलेला फोन हात लांब करून कर्ण्याकडे धरून होती. मी डोळे मिटले, ओठ आवळले, आणि दादा, तो लागला. न चढता, न उतरता, एका जागी उभा राहिला. अंगावर काटा आला. डोळे उघडले तर लोक माझ्याकडे कीव करत पाहत होते, कारण त्यांना पंखे आणि बाहेरचे ढोल यांखेरीज काही ऐकूच येत नव्हतं. नंतर अंजनी मोठ्या अभिमानाने म्हणाला, "सर, एक सीटी उठी थी, हमने वहीं दबा दी." मी त्याला शाबासकी दिली. दुसरं काय करणार?

जन्मात एकदा लागलेला सूर, आणि साक्षीला कोणी नाही. मंडळातला सौमित्र पहिल्या रांगेत होता, पण तो घोरत होता. कुमुदचं तर तुला सांगितलंच, तिला पंचम काय आणि कुकर काय. टाळ्या गेल्या त्याचं काही नाही. तुझे दात गेल्यापासून आपल्या घराण्यात तो सूर कोणी काढला नव्हता, तो तुझ्या कानावर पडावा एवढंच मनात होतं.

तुझा,
अच्युत

ता. क. बासरीला दर रविवारी आतून तेल लावतो. काळजी नसावी.

आणखी एक. जे लिहायचं होतं ते राहूनच गेलं. माझाही वरचा पुढचा दात हलू लागलाय, दिवाळीनंतर काढावा लागेल म्हणतात. मग पंचम कायमचा संपला. म्हणून कोजागिरीला ये. माइक नाही, मंडळ नाही. तू नुसता समोर बस.

दादांना कुमुदचा नमस्कार. पत्र पाकिटात घालायला माझ्याकडे आलं म्हणून खाली लिहिते. यांचा एकही दात हलून नाही राहिला, परवाच दोन भुट्टे खाल्ले. पण तुम्ही याच. सूर लागला होता. मी हातभर अंतरावर होती. कुकरची शिट्टी मला चांगली कळते, गॅस तर मी यांचं नीट ऐकू यावं म्हणून बंद करत होती. कालपासून हे साऱ्या मंडळाला विचारून राहिले, ऐकला का म्हणून. मला अजून विचारलं नाही.